सुतक नव्हतं

हे मी देवापुढेही कधी उच्चारलं नाही. बायकोला ठाऊक नाही, मुलांना नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की आणखी कशामुळे, माझं मलाच कळत नाही.

सोलापुरात स्टेशनापलीकडे एक बिनछपराची इमारत उभी आहे. आत बाभळी वाढल्यात, शेरडं चरतात. गिरणीचं नवं विणकाम-खातं व्हायचं होतं तिथं. महायुद्ध संपून गिरण्यांची चलती होती, मालकांना घाई होती. दर्शनी दाराची मोठी कमान माझ्याकडे. मी मेस्त्री. गर्व होता मला, खोटं कशाला बोलू?

चुना आधी पाण्यात विरवायचा, मग बैल जुंपून फिरवायच्या दगडी घाणीत मळायचा आणि मुरत ठेवायचा. न मुरलेला चुना बांधकामात जाऊन फुगतो, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. आणि मी काय केलं? ऐन कमानीचा माथा जुळवायच्या वेळी बार्शीला कुस्त्या बघायला गेलो. घाणी बंद राहिली. परत आलो तर मुरलेला चुना संपलेला, मालकांचा माणूस उरावर बसलेला. मग सकाळी मळलेला चुना संध्याकाळी माथ्यात भरला — मीच, माझ्या हातानं. कुणाला दिसणार होतं?

आमच्यात एक रीत आहे. कमानीचे लाकडी आधार काढताना ती बांधणारा मेस्त्री खाली उभा राहतो, हातात नारळ घेऊन. आधार निघाले, कमान राहिली, की तिथंच नारळ फोडायचा. कितीदा उभा राहिलो होतो मी, छाती काढून! या खेपेला आदल्या दिवशी माथ्याजवळ बारीक चीर दिसली.

बोलता आलं असतं. आधार काढू नका — एवढंच. काम गेलं असतं, नाव गेलं असतं. त्याऐवजी मी उठवलं, करकंबला भावकीतला म्हातारा वारला, मला सुतक आहे. सुतकात नारळ कसा फोडणार?

थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, दाजी, माझ्याच हाताखाली कामाला होते. त्यांची भावकी वेगळी, त्यांना सुतक लागत नव्हतं. नारळ त्यांनी घेतला. हसत म्हणाले, "आज आमचाबी मान हाय की. चुना मुरलाय न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय."

शेवटचा आधार निघाला आणि कमान खाली बसली. नारळ तेवढा घरंगळत माझ्या पायाशी आला. लोक धावले, दगड उपसू लागले. मी जागचा हललो नाही. भीती वाटली ती आता सगळं उघडं पडणार याची. काळजी दाजींची नव्हे, माझीच.

चुन्यावर नजर कुणाची होती, असं मालकांच्या माणसानं विचारलं. मी दाजींचं नाव घेतलं. मेलेला माणूस काय उलटून बोलणार? जागा अपशकुनी ठरली, काम कायमचं थांबलं. करकंबचा निरोप चुकीचा निघाला, असं मी मागाहून सांगितलं, तर लोक म्हणाले, देवानंच वाचवलं तुला. मीही मान डोलावली.

पण मला खरं सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

तेरावं झाल्यावर आक्का माझ्या दारी आली. उंबऱ्याच्या आत आली नाही. मला कडेवर खेळवलेली ती — तिनं माझ्यापुढे हात जोडले. "त्यांच्या हलगर्जीनं तुजं नाव बुडालं, बाबा. त्यांच्यावर राग धरू नगं."

सांगायची वेळ तीच होती ना? दुसरी कुठली असणार होती?

मी तिचे हात धरले आणि म्हणालो, "न्हाई धरत, आक्का."

आक्का अजून आहे. स्टेशनाकडे जायचं झालं की लांबची वाट धरते, नवऱ्याची चूक नजरेला पडू नये म्हणून. एकटीला जायची भीती वाटते, मग मला बोलावते. मी तिच्यासोबत त्या लांबच्या वाटेनं चालतो. परवाही गेलो होतो.