एकमताचा वैरी

लोकशाहीवर इतकं मनापासून प्रेम करणारा आणि तिच्या नाकी इतके नऊ आणणारा माणूस माझ्या आईच्या मामांखेरीज अख्ख्या वसईत झाला नसेल. सगळ्यांचं एकमत झालं की मामांना कापरं भरे. "सगळेच हो म्हणतात, म्हणजे विचार कोणीच केला नाही," असं म्हणून ते उठत आणि ज्या बाजूला कोणी नसेल ती बाजू घेत. मग ती स्वतःची नसली तरी चाले. गावातल्या क्रुसाला पांढराच रंग द्यायचा, एवढं ठरायला रविवारामागून रविवार गेले. बाजारात त्यांनी सांगितलेला भाव कोळणीने लगेच कबूल केला, तर मासळी शिळी असणार म्हणून ते रिकामी पिशवी घेऊन घरी येत. फार काय, त्यांच्या लग्नात फादरनी कोणाची हरकत आहे का विचारलं, तेव्हा नवरदेवानेच घसा खाकरला होता. मामीने वेळीच चिमटा काढला म्हणून संसार झाला.

ऐंशी सालानंतर मुंबईचा एक बिल्डर आमच्या आळीतल्या केळीच्या वाड्या मागायला आला. देवळामागे, म्हणजे आमच्या चर्चमागे, बैठक बसली. वाड्या द्यायच्या नाहीत, यावर सगळे ठाम, आणि मामा सर्वांत ठाम, कारण त्यांचा जीवच वाडीत. पण विरुद्ध बोलायला कोणीच नाही म्हटल्यावर त्यांना राहवेना. "मग विकायची बाजू मी मांडतो," म्हणाले, आणि अशी काही मांडली की विचारू नका. विहिरींचं पाणी खारट होत चाललंय, पोरं बँकेत चिकटलीत, पहाटे उठून शिंपणार कोण? केळ्यांचा भाव दलाल ठरवतो, जमिनीचा आज आपण ठरवू. हळूहळू कुजबुज सुरू झाली. माझे वडील म्हणाले, "मामांचं खरं आहे." आणि हात वर झाले ते विकण्यासाठी.

मामा गडबडून उठले. "अरे, थांबा. कोणीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी बोललो. वाड्या विकू नका." त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता. लोक मात्र हसले. "घ्या, एकमत झालं की मामा उलटले." बिचारे घरोघर समजावत फिरले, प्रत्येकाने चहा पाजला आणि त्यांचेच मुद्दे त्यांना ऐकवले.

स्वतःची वाडी त्यांनी शेवटपर्यंत दिली नाही. चारी बाजूंनी इमारती उठल्या, केळींना ऊन मिळेना. अखेरच्या आजारपणात भेटायला गेलो, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशी मी एवढा बोललो रे, पण माझ्याविरुद्ध एक जण उठला नाही." मला त्यांच्याशी वाद घालावासा फार वाटला, पण मुद्दाच सुचेना.