उष्टी बासरी

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नव्हता. आम्ही लहानपणापासून विहारात जाणारी माणसं... अंगात येणं, उतारे, नजर काढणं, यावर घरात सगळे हसायचो. आता हसू येत नाही.

ऑकलंडला अवोन्डेलमध्ये राहतो आम्ही — मी, नवरा अजय आणि सात वर्षांची रेवा. रविवारच्या मार्केटमध्ये एका वयस्क गोऱ्या बाईंकडे ती बासरी दिसली. पश्चिम आफ्रिकेतली, टोकाला कोरलेला चेहरा, अंगभर निळे-पांढरे मणी. तिकडे समारंभात वाजवतात म्हणाल्या. फुंकायच्या भोकात मेण आणि दोरा गच्च कोंबलेला होता.

हौसेने घेतली खरी, पण कुणाची तरी उष्टी वस्तू! तशीच कशी घरात ठेवणार? गरम पाण्याने धुतली, हेअरपिनने तो बोळा उकरून काढला आणि फेकून दिला. अजयने फुंकून पाहिलं... आवाजच नाही. मग दिली शोकेसमध्ये ठेवून.

दुसऱ्या दिवशी रेवा शाळेतून आली होती, मी आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर. बाहेरून एक खोल, सलग सूर ऐकू आला.

"रेवा, तोंडाला लावू नकोस ती!"

सूर थांबेना. चिडून बाहेर आले तर बासरी काचेआड, जागच्या जागी. रेवा सोफ्यावर, हातात सोललेलं संत्रं, तोंड उघडं. ती श्वास सोडत होती... नुसता सोडतच होती. ओठ निळे पडलेले. सूर लांबत होता तशी तिची छाती आत आत चालली होती.

बासरी ओढून काढली आणि भोकावर अंगठा दाबला. अंगठ्याला ऊब लागली... आणि संत्र्याचा वास आला. माझ्या लेकीच्या तोंडाचा वास!

सूर तुटला. रेवाने मोठ्ठा श्वास घेतला आणि हुंदके देत म्हणाली, "मम्मा, आय वॉजन्ट डूइंग इट!"

माझी हाक ऐकून अजयने वरच्या खोलीतून धावत येऊन भोकात मेणबत्तीचं मेण ओतलं, तोवर मी अंगठा काढला नाही. डॉक्टर म्हणाले दमा असेल, पण तपासण्या सगळ्या नॉर्मल आल्या.

आपल्या गावी ती बासरी मानाने वाजली असेल. तिचं तोंड कुणी बंद केलं, का केलं... कशाचंच उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. रेवा आता मजेत आहे, पोहायलाही जाते. अजय म्हणतो, "पिहा बीचवर जाऊन समुद्रात टाकून देऊ ती." मी टाकू देत नाही. अंगठा दाबला तेव्हा रेवाचा थोडा श्वास आतच राहिला... तो मी पाण्यात कसा बुडवू?