एक कमी हाय

बोर्ड चालू केला की आप्पा खुर्चीवरून उठायचे. हात मागे बांधायचे, दोन पावलं मागे सरकायचे आणि लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहायचे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर वर पळायच्या, तीनचारशे तरी असतील. तुम्ही-आम्ही त्यातली एखादी वाचायला गेलो तर डोळे गरगरतील. ओळी थांबल्या की आप्पा म्हणायचे, "पुरी हायती." नाहीतर म्हणायचे, "एक कमी हाय."

आणि खरंच एक कमी असायची.

रांजणगावला पत्र्याच्या शेडमध्ये आमची बारा माणसांची कंपनी आहे. गावोगावच्या केंद्रांवर दूध गार ठेवायच्या टाक्या असतात, त्यांचे कंट्रोलर, म्हणजे गारवा सांभाळणारे इलेक्ट्रॉनिक बोर्ड, आम्ही करतो. बोर्डाचं डिझाइन माझं. त्या बोर्डावर लिनक्सचा कर्नल चढवायचं काम आप्पांचं. कर्नल म्हणजे यंत्राचा सगळा संसार चालवणारा मूळ प्रोग्राम. जगभरच्या माणसांनी मिळून लिहिलेला, कुणालाही फुकट मिळणारा. पण आपण घरी केलेल्या बोर्डावर तो आपसूक चालत नाही. का चालत नाही, हे मला आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"कर्नल लई शाना हाय, राव. पर आपल्या घरात पयल्यांदा आलाय. चूल कुठं, मोरी कुठं, त्याला कोन सांगनार? आपुनच सांगायचं."

ते सांगणं म्हणजे एक फाइल. बोर्डावर काय काय आहे आणि कशाला काय जोडलंय, ते तिच्यात लिहायचं. मग चालू होताना जे जे सापडेल त्याची एकेक ओळ कर्नल पडद्यावर टाकतो.

आप्पा दौंड तालुक्यातल्या खुटबावचे. घराणं मेंढपाळांचं. आता शेती होती, तरी वडिलांनी वीस-पंचवीस मेंढरं ठेवलीच होती. दिवस मावळताना मेंढरं जाळीच्या कुंपणात शिरायची आणि वडील कुंपणाच्या तोंडाशी हात मागे बांधून उभे राहायचे. मोजायचे नाहीत, नुसते बघायचे. शेवटचं आत गेलं की सांगायचे, पुरी हायती का एक कमी हाय. आप्पांनी तेच इथे आणलं होतं.

"मोजायला गेलं की चुकतंय," ते म्हणायचे. "बघत ऱ्हायचं. जे न्हाई ते आपसूक दिसतं."

त्यांनी पाठवलेली एक दुरुस्ती खुद्द कर्नलमध्ये घेतली गेली होती. आयटीआय शिकलेला माणूस, आणि त्याची ओळ जगात कुठल्या कुठल्या यंत्रांत चालत असेल, या विचाराने मी थक्क व्हायचो. त्यांना विचारलं तर म्हणाले, "आपल्याला फुकट गावलं, तर थोडं माघारी टाकावं की."

आता माझी गोष्ट सांगतो, ती सांगायची लाज वाटते. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते, आणि तो माझा पहिला बोर्ड. आधी दोन नमुने करून बघायचे, मग बाकीचे, अशी आमची रीत. पण केंद्रांना घाई होती आणि मी छातीठोकपणे मालकांना म्हणालो, "दोनदा तपासलंय, एकदमच काढा." पन्नास बोर्ड बनून आले आणि एकही पुरता चालू होईना. कर्नल मेमरी कार्डावरच ठेवलेला असतो; तिथून तो चालू व्हायचा, पण पुढे स्वतः कार्ड शोधायला गेला की सापडत नाही म्हणून थांबायचा. मालकांनी बजावलं, शनिवारपर्यंत चालले नाहीत तर पन्नासही भंगारात, आणि ज्याचा दोष निघेल तो घरी. माझी बायको नुकतीच शिरूरला माझ्याकडे राहायला आली होती. मी तोंडाने "सॉफ्टवेअरचंच काहीतरी असेल" म्हणत होतो.

शुक्रवारी दुपारी आप्पांनी बोर्ड तीनदा बंद-चालू केला. "एक कमी हाय. कार्डाची." मग त्यांनी कार्ड बाहेर काढलं. पडद्यावर एकदम लगबग उडाली, कर्नल कार्ड शोधायला लागला. आत घातलं, सगळं चिडीचूप. पुन्हा काढलं, पुन्हा घातलं. मग माझ्याकडे वळले.

"राव, कार्ड हाय तवा ह्यो न्हाई म्हनतोय, आन् न्हाई तवा हाय म्हनतोय."

मला लगेच कळलं. कार्ड आत आहे की नाही हे सांगणारा एक बारीक स्विच असतो. त्याची जोडणी मी उलटी केली होती, पन्नासही बोर्डांवर. आप्पांनी फाइल उघडली आणि कार्डाच्या जागी एक शब्द वाढवला, म्हणजे हा स्विच उलटा समजावा. बोर्ड चालू केला. उठले, हात मागे. ओळी पळाल्या.

"पुरी हायती."

मालक धावत आले. "दोष कुठे होता?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "माझाच, साहेब. एक शब्द लिवायचा राहिला व्हता."

मालक त्यांना सगळ्यांसमोर वाट्टेल ते बोलले. आप्पा मान खाली घालून ऐकत राहिले. मी गप्प बसलो. नंतर चहाच्या टपरीवर त्यांना गाठलं, तर मला बोलूच देईनात. "मला घालवलं तर कर्नल कोन चढवनार? तुमचं नवीन हाय. फुडच्या टायमाला सरळ काढा म्हंजी झालं."

पुढचा बोर्ड मी सरळ काढला. मालकांना मात्र गोष्ट सापडली. कुणी पाहुणा आला की सुरू. "हे आमचे आप्पा. कर्नल तोंडपाठ, पण एक शब्द विसरले आणि पन्नास बोर्ड भंगारात निघाले होते!" पाहुणे हसायचे. आप्पाही हसायचे. मीसुद्धा हसायचो, पाच वर्षं.

यंदा उन्हाळ्यात काविळीचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात आप्पा गेले. शोकसभा शेडमध्येच घेतली. खुटबावहून त्यांचे वडील आले होते, आम्ही त्यांना आबा म्हणत होतो. मालक मनापासून बोलले. आणि शेवटी सवयीने तीच गोष्ट निघाली. "एवढा मोठा माणूस, पण एकदा एक शब्द विसरला आणि..."

"ते विसरले नव्हते," मी उभा राहिलो. "बोर्ड मी उलटा काढला होता. माझी नोकरी जाऊ नये म्हणून त्यांनी अंगावर घेतलं."

मालक खाली बसले. आबा उठून माझ्यापाशी आले. मग म्हणाले, "आमचं पोरगं कुठं उभं ऱ्हायचं?"

मी त्यांना टेबलापाशी नेलं. त्या पन्नासातला एक बोर्ड तिथे होता, तो चालू केला. आबांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. दोन पावलं मागे सरकले आणि त्यांनी हात मागे बांधले. ओळी पळायला लागल्या. आबांना अक्षरओळख नाही, तरी शेवटची ओळ येईपर्यंत त्यांची नजर हलली नाही.

ओळी थांबल्या.

"पुरी हायती का?" त्यांनी मला विचारलं.

"पुरी हायती, आबा," मी म्हणालो.