सतरातला एक खरा

दाजींना दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकाच माणसाचा, त्यांच्या मेहुण्याचा. पण त्याला त्यांनीच शब्द टाकून कंपनीत चिकटवला, आणि त्याचं ऐकून सगळं ऑफिस त्यांना दाजी म्हणू लागलं. पुढे मेहुणा साहेब झाला. दाजी दाजीच राहिले.

कंपनी रक्त तपासायची मशीन बनवायची. मशीन आणि तिच्यातला कॉम्प्युटर यांचं बोलणं करून देणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, दाजींनी लिहिलेला. मशीन चालू असतानाच जुना ड्रायव्हर काढून नवा बसवता यावा, म्हणून त्यांनी त्यात एक मोजणी ठेवली होती. ड्रायव्हरशी काम पडलं की आकडा एकाने वाढवायचा, काम संपलं की एकाने उतरवायचा. शून्य झाल्याखेरीज ड्रायव्हर जागचा हलत नसे.

"काम फसलं तरी उतरवा," दाजी सगळ्यांना बजावत. "फसल्यावरच माणूस विसरतो." लोक माना डोलवत आणि पाठ वळली की हसत. वीस वर्षांत त्यांच्या कामाला कुणी बोट लावलं नव्हतं. या माणसाने आयुष्यात मिरवलं असेल तर तेवढंच.

एका हॉस्पिटलात नवा ड्रायव्हर बसवायला दाजी आणि मेहुणा दोघे गेले. मुख्य डॉक्टरीण शेजारी उभी. जुना निघेचना. आकडा होता सतरा.

ड्रायव्हरकडून काम करून घेणारा प्रोग्राम मेहुण्याने लिहिलेला. दाजींनी तो उघडला आणि पाच मिनिटांत त्यांना दिसलं. मशीनने वेळेवर उत्तर दिलं नाही, की तो प्रोग्राम आकडा न उतरवताच मागे फिरत होता.

"सतरातले बरेच खोटे आहेत," दाजी हळूच म्हणाले. "पण सगळे खोटे असतील असं नाही. आकड्यावरून ते कळत नाही. तपासण्या संपू दे, मग मशीन बंद करून चालू करू."

"मशीन पुन्हा तापायला दोन तास लागतात, दाजी. बाईंसमोर बंद करू? नाक कापलं जाईल."

"जबरदस्तीने काढू नकोस."

त्याने काढला. सतरातला एक खरा होता. आत चाळीस जणांच्या रक्ताची तपासणी चालू होती. मशीन जागच्या जागी गोठलं, नमुने वाया गेले, आणि चाळीस माणसांना पुन्हा सुई टोचून घ्यावी लागली. एक म्हातारे गृहस्थ तर हात पुढे करेनात.

चौकशी झाली. साहेब झालेल्या मेहुण्याने ड्रायव्हरच्या फाइलीवरचं दाजींचं नाव दाखवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी देणं यालाच म्हणतात, आणि फाशीचा दोर संन्याशाने स्वतःच आणून द्यावा अशीही सोय होती. मोजणीतला दोष माझ्याच हातून राहिला, असा दाजींच्या नावाचा कागद टाइप करून मेहुणा रविवारी सकाळी घरी आला आणि चहा घेत बसला.

दाजींनी बायकोला सगळं उकलून सांगितलं. ती काही खुळी नव्हती.

"म्हणजे चूक माझ्या धाकट्या भावाची," ती म्हणाली.

"हो."

"त्याच्यासमोर सांगताय म्हणून विचारते. कंपनीत कुणाला कळलंय?"

"मी सांगितलं तर कळेल."

मेहुणा कपात बघत होता. तिने चष्मा आणून नवऱ्यापुढे ठेवला.

"अहो, तुमची दोनच वर्षं राहिलीत. त्याची अख्खी नोकरी पुढे आहे. तुम्हाला आता नाव घेऊन कुठे जायचंय?"

आपलेच दात, आपलेच ओठ. दाजींना रडू आलं असतं, पण मेहुण्यासमोर रडायची त्यांना लाज वाटली. त्यांनी कागद दोनदा वाचला. एका ठिकाणी व्याकरण चुकलं होतं, ते दुरुस्त केलं आणि खाली सही केली.

मेहुण्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली. त्याचा जीव भांड्यात पडला होता.

"ताई, तू काल म्हणाली होतीस तसंच झालं बघ," तो म्हणाला.