वैशालीच्या हाताचं तिखट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला तर नाहीच. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही – आपले वाटलात, एवढंच.

मुकुंदवाडी स्टेशनाजवळच्या आमच्या घरी स्वयंपाक मी करतो. बायको होती तेव्हापासूनच. माझी येसर आमटी नातेवाइकांत नावाजलेली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्याचं नि मसाल्याचं तिखट पीठ. ते डाळीत चांगलं रटरटलं, तरच आमटीला चव. माणसं वाट्याच्या वाट्या ओरपायची आणि माझ्याकडे बघायची. त्या बघण्याची मला चटक लागली होती, हेही आत्ताच कबूल करतो.

नात स्वरा जरा बसायला लागली, तेव्हा माझ्या सुनेनं, वैशालीनं, नवी रीत आणली. पोरीला वेगळं काही शिजवायचं नाही. जे आपल्या ताटात, तेच तिच्या वाटीत. डाळ आळणीच शिजवायची, स्वराची वाटी काढून त्यात भाकरी कुस्करायची, मग उरलेल्यात मीठ आणि येसर. रीत चांगलीच होती हो. संध्याकाळी आम्ही चौघं गोल बसायचो, खिडकीतून पिवळं ऊन सरकत आत यायचं, स्टेशनात एखादी गाडी उगाच थांबलेली असायची – आणि ती चिमुरडी, आपणही सगळ्यांसारखंच जेवतोय म्हणून ऐटीत हात आपटायची. अजून डोळे मिटले की ते ऊन दिसतं.

मग मी तसं का केलं?

येसर उशिरा पडला की कच्चा लागतो. छावणीतला माझा साडू एकदा जेवता जेवता म्हणाला, "आमटी लई आळणी झाली तुमची आजकाल." एवढंच. पण तो शब्द माझ्या डोक्यात कितीतरी दिवस घोळत राहिला. आळणी. जणू मलाच म्हणाला होता.

पुढच्या रविवारी तो परत येणार होता. मी डाळ शिजता शिजताच येसर टाकला. वाटी काढायची विसरलो – नाही, हे खोटं आहे. चांगली आठवण होती मला. मूठभर डाळ वेगळी शिजवता आली असती, तेवढा वेळही होता. पण मनात आलं – बसू दे एकदा चटका, म्हणजे हे खूळ सुटेल. दहा महिन्यांच्या पोरीबद्दल मी असा विचार केला.

"मामा, पोरीचं काढलं का?" वैशालीनं विचारलं. आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात. मी म्हणालो, "व्हय, काढलं." त्याच आमटीत भाकरी कुस्करली होती. रंग कळू नये म्हणून वर तूप जरा जास्तच.

वैशालीनं भरवलेला पहिला घास स्वरानं हसत घेतला. मग ओठ लालबुंद झाले आणि ती श्वास अडकल्यासारखी रडायला लागली. दूध झालं, पाणी झालं, खांद्यावर घेऊन फेऱ्या झाल्या. वैशालीनं दुपारी ठेचा कुटला होता. ती आपल्याच बोटांकडे बघत राहिली. मुलगा तिच्यावर ओरडला, "मिरच्या कुटून तशीच बसलीस व्हय भरवायला?" ती मोरीत जाऊन साबणानं हात धूत राहिली – धूतच राहिली. आणि मी? मी वाटी उचलून विसळून टाकली. वर तिला म्हणालो, असू दे, होतं असं कधीकधी. म्हणजे बघा, मी तिला माफ केलं.

नंतर साडू आला. त्यानं आमटी दोनदा मागून घेतली. मला बरं वाटलं.

स्वरा आता शाळेत जाते, तिखट मिटक्या मारत खाते. तिला त्यातलं काही आठवत नाही. आठवतं ते तिच्या आईला. त्या दिवसानंतर वैशालीनं लेकीला हातानं कधीच भरवलं नाही. कायम चमच्यानं.

यंदा नातू झाला. गेल्या आठवड्यात त्याला पहिल्यांदा आमच्यात जेवायला बसवलं. वैशालीनं त्याची वाटी माझ्यापुढं सरकवली. म्हणाली, "मामा, तुम्हीच भरवा. माझ्या हाताला तिखट राहतं."

सांगायची वेळ तीच होती. मी घास केला. पोरानं माझ्याकडे बघत तोंड उघडलं, आणि ती शेजारी, हात ओढणीत गुंडाळून, बघत बसली.