बिनवारस लॉर्डची ढाल

केरबा सुताराची बायको लक्ष्मीबाई गेली तेव्हा लेक सोनम अगदी लहान होती. तिला धाकट्या भावाच्या, संपतच्या पदरात टाकून तो उदगीरकडून कतारला आला आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये नक्षीकाम करता करता केस पिकवून बसला. कमाई गावाकडे गेली, तिथे आता घर उभं राहत होतं. सोनमचं घर, असं तो कामगारांच्या कॅम्पातल्या सगळ्यांना छाती फुगवून सांगायचा.

परवा एका नव्या हॉटेलसाठी इंग्लंडातल्या कुण्या लॉर्डचं घराण्याचं चिन्ह कोरायचं काम आलं. मधोमध ढाल, तिच्यावर तीन रानडुकरांची मुंडकी, वर मुकुट, एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला हरीण. ऑफिसातला वसईचा गॅव्हिन ड्रॉइंग घेऊन आला.

"त्या लॉर्डाला चालतंय का, आसं हाटेलात लावल्यालं?" केरबाने विचारलं.

"विचारतो कोण, केरबादादा? टायटल कधीच खलास झालं. शेवटच्या लॉर्डला मुलगा नव्हता."

"लेकरूच न्हवतं?"

"तीन मुली होत्या. पण टायटल मुलींना जात नाही. त्यांच्या चिन्हात अशी ढालसुद्धा नाही, नुसता तिरपा चौकोन. वर मुकुट नाही, काही नाही."

केरबाचं डोकंच फिरलं. "तीन-तीन लेकी असून घराणं बुडालं म्हणतेत? डोळे फुटले होते का त्येंचे!" त्याने पटाशी अशी हाणली की हरणाच्या शिंगाचा टवका उडाला.

गॅव्हिन हसला. केरबाला मात्र हसू आलं नाही. त्याच्या गावात दाराची चौकट बसवताना पूजेला जो बसतो, त्यालाच घराचा धनी मानतात. मागे संपतने फोनवर विचारलं होतं, "पूजेला आपल्या बालाजीला बसवू का? सोनम काय, उद्या परक्या घरी जाणार." बालाजी संपतचा मुलगा. आणि हा शहाणा केरबा, भावाची भीड मोडवेना म्हणून, "बसव की" म्हणून मोकळा झाला होता. इंग्रजांना शिव्या घालायला मात्र याची जीभ कशी सैल! केरबाला स्वतःची लाज वाटली.

जेवणाच्या सुट्टीत त्याने सोनमला फोन लावला. "पूजेला तूच बसायचं बघ. म्या काकाला सांगतो."

"पूजा सकाळीच झाली, अप्पा."

"आन् तू काय करलीस?"

"पाव्हण्यांना चहा दिले."

"आगं, घर तुझं हाय! बोलली का न्हाईस?"

"काकानं त्या दिवशी फोन स्पीकरवर ठिवला होता, अप्पा. तुमी व्हय म्हणल्यालं समद्या भावकीनं ऐकलं. मग म्या कुणाच्या जिवावर बोलू?"