फोडणीचा कोट

कोट स्वच्छ केल्याचा पश्चात्ताप झालेला माणूस बहुधा मी एकटाच असेन.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या बसस्टॉपवर एक पन्नाशीची बाई यायची. शेल्टरमध्ये जागा असली तरी बाहेर उभी राहायची, वारा आमच्याकडून तिच्याकडे जाईल अशा बाजूला. मला फोनवर मराठी बोलताना ऐकून एकदा तिनेच सांगितलं, "जुनी सवय. मी अंटार्क्टिकात बर्फाची सँपल्स घेते. हवेतलं काय काय बर्फात उतरतं ते बघायचं असतं, त्यामुळे आपला श्वासही त्यावर जाता कामा नये." मग हसून म्हणाली, "तुमच्या कोटाला फोडणीचा वास येतो."

मी ओशाळलो. शनिवारी कोट ड्रायक्लीनिंगला टाकला.

सोमवारी ती तिच्या जागी उभी राहिली. नाक किंचित वर केलं, एक हातमोजा काढला, पुन्हा घातला.

"कोट धुतलात?"

"हो. सॉरी, त्या दिवशी…"

"अहो, तसं नाही. तिथल्या हवेला वासच नसतो. आई गेली तेव्हा मी तिथे होते. तिथल्या हिवाळ्यात विमान येत नाही. मी परत आले तोवर भावाने घर क्लीन करून तिचे कपडे चॅरिटीला दिले होते. तिच्या कार्डिगनला तोच फोडणीचा वास यायचा."

तिची बस आली.

त्या संध्याकाळी मी खिडकी न उघडता, कोट अंगात घालूनच वरणाला फोडणी दिली. सकाळी वारा तिच्या जागेकडेच वाहत होता. ती आली नाही, नंतरही कधी नाही.